येळवशीचे फोटो: गंजगोलाई, माळेगाव, कोप आणि घरपोच प्रिंट

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात नोकरी, मूळ गाव निलंगा तालुक्यात. डिसेंबरअखेर आठवडाभराची सुट्टी. जवळ छोट्या सेन्सरचा कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स, एक ५० एफ १.८ आणि फोन. लातूरचा बाजार, माळेगावची यात्रा आणि वेळ अमावस्या, तिन्हींचे फोटो काढायचे आहेत. सेटिंग काय ठेवावं, लोकांना विचारावं कसं, आणि जे लोक अनोळखी माणसाला शेतात बोलावून जेवू घालतात त्यांचे आभार फोटो काढणाऱ्यानं मानावेत कसे?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची तयारी त्यावर ठरते. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, हा सणच काळ्या आईचं देणं फेडण्याचा. तिथं जाऊन नुसतं घेऊन यायचं नसेल तर ज्याचा फोटो काढला त्याच्या हातात कागदावरचा फोटो पोचला पाहिजे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो फोनची जागा भरली की पुसला जातो. कागद ट्रंकेत राहतो. म्हणून सहलीचा हिशोब उलटा मांडा: परत कधी येणार, किती प्रिंट देणार, तेवढ्याच माणसांचे फोटो मन लावून काढा. सुट्टीचे सात दिवस असतील तर पाच दिवस फोटोला, एक दिवस प्रिंट काढायला आणि एक दिवस वाटायला ठेवा. ते जमणार नसेल तर संक्रांतीला किंवा पाडव्याला गावी फेरी असतेच, तेव्हाचा शब्द द्या. ‘पाठवतो’ म्हणून न पाठवणारे फोटोवाले गावोगाव येऊन गेलेले आहेत. त्यांच्यामुळेच तुमच्याकडे पहिल्यांदा संशयानं बघितलं जाईल.

आता तारीख. वेळ अमावस्या म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या, त्यामुळं ती इंग्रजी कॅलेंडरात सरकत राहते. २०२४ सालात ती दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. २०२५ मध्ये १९ डिसेंबरला. नाताळच्या सुट्टीत येईलच असं गृहीत धरून रजा टाकू नका, आधी पंचांग बघा. लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा आदल्या दिवशी, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते. माळेगाव नांदेड-लातूर रस्त्यावरच आहे. म्हणजे चतुर्दशीला यात्रा, संध्याकाळी मुक्कामाला लातूर किंवा गाव, आणि अमावस्येला सकाळी शिवार, असं जुळतं. यात्रा पुढं काही दिवस चालते, तेव्हा अमावस्येनंतर पुन्हा जाता येतं. पण अमावस्येच्या दिवशी रिक्षा, टपरी, खानावळ यांच्यावर भरवसा ठेवू नका. चहावाल्यापासून सराफापर्यंत सगळे शेतात गेलेले असतात. गाडीत पेट्रोल आदल्या दिवशी भरा, पाणी सोबत ठेवा. जेवणाची काळजी करू नका, ते कोणीतरी घालतंच.

उजेडाबद्दल एक सोयीची गोष्ट. लातूर साधारण १८.४ अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर भर दुपारीसुद्धा सूर्य तिथं ४८ अंशांच्या आसपासच चढतो. माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते आणि डोळ्यांखाली ते काळे खड्डे पडत नाहीत. याउलट श्रावण अमावस्येच्या पोळ्याला दुपारी सूर्य ८० अंशांच्या आसपास, थेट डोक्यावर असतो. त्या दिवशी अकरा ते चार कॅमेरा गुंडाळून ठेवला तरी चालतं. येळवशीची पूजा मात्र दुपारीच होते आणि दुपारीच फोटो चांगले येतात. सूर्योदय सातच्या पाच-सात मिनिटं अलीकडं, सूर्यास्त सहाच्या आतबाहेर. सोनेरी उजेडाच्या मागं लागून पूजा चुकवू नका.

पहिल्यांदा बाजार. लातूरची गंजगोलाई १९१७ सालची. मधोमध गोल इमारत, आत जगदंबेचं मंदिर आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. कुठला रस्ता सोन्याचांदीचा, कुठला कापडाचा, कुठला मसाल्याचा. फोटोच्या दृष्टीनं या गोलाचा फायदा असा की दिवसाच्या कुठल्याही वेळी काही रस्त्यांत ऊन समोरून येतं, काहींत पाठीमागून, आणि काही पूर्ण सावलीत असतात. म्हणून उजेड वाईट आहे असं तिथं म्हणता येत नाही, पुढच्या रस्त्यावर जायचं. आधी कॅमेरा बाहेर न काढता एक पूर्ण चक्कर मारा आणि कोणत्या रस्त्याच्या तोंडाशी उन्हाची पट्टी पडते ते बघून ठेवा. मग तिथंच वीस-पंचवीस मिनिटं थांबा. हमाल, गाडेवाला, बोहारीण, शाळेची पोरं त्या पट्टीतून आपोआप जातात. फिरत राहिलं की सगळ्यांच्या पाठी मिळतात.

दुकानांवरच्या ताडपत्र्या हा मोठा घोटाळा. निळ्या ताडपत्रीखालचा चेहरा निळा दिसतो, पिवळीखाली काविळीचा. ऑटो व्हाइट बॅलन्सला, म्हणजे कॅमेऱ्याच्या रंग जुळवणीला, ते सुधारता येत नाही, कारण समोरून रस्त्याचं पांढरं ऊनही येत असतं. उपाय साधा आहे: माणसाला दुकानाच्या काठाकडं वळायला सांगा, म्हणजे चेहऱ्यावर रस्त्याचा उजेड येतो आणि ताडपत्रीचा रंग मागच्या मालावर राहतो. सावलीतला चेहरा आणि बाहेरचा रस्ता यांत चार स्टॉपचं अंतर सहज असतं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). दोन्ही एका फोटोत नीट येणार नाहीत. चेहऱ्यावर एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, धरा; बाहेरचं जळून पांढरं झालं तर होऊ द्या. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढत असाल तर पाऊण स्टॉप कमी धरून नंतर सावली उचलता येते. जेपेगमध्ये ती सवड नाही.

चालत्या माणसांसाठी १८-५५ लेन्स २३-२४ वर ठेवा, एफ ८, शटर १/२५० च्या खाली नाही, आयएसओ ऑटो ठेवून वरची मर्यादा ३२००. छोट्या सेन्सरवर २३ म्हणजे साधारण ३५ ची नजर, बाजाराला तीच बरी. फोन वापरत असाल तर अल्ट्रावाइड लेन्स माणसांवर वापरू नका, कडेचा माणूस आडवा ओढला जातो आणि त्याला तो फोटो दाखवायची चोरी होते. साध्या १ एक्सवर काढा. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड बांधला जातो, मग बोट थोडं खाली ओढा. निम्म्या लोकांचे फोनचे फोटो धुरकट येतात त्याचं कारण लेन्सवर बोटाचं तेल. दर तासाला सदऱ्याच्या मऊ टोकानं पुसा.

अमावस्येच्या दिवशी हेच लातूर ओस पडतं. ‘मोकळं शहर’ हा फोटो सगळे काढतात आणि तो बहुतेक वेळा फसतो, कारण मोकळा रस्ता हा नुसता मोकळा रस्ता दिसतो. रविवारी पहाटेचा म्हणून कोणी खपवला तरी पटेल. तो बोलका करायचा तर जोडीचा फोटो लागतो. अमावस्येच्या आधीच्या कामाच्या दिवशी दुपारी बारा वाजता गोलाईत एक जागा धरा, लेन्स १८ वर, कॅमेरा छातीच्या उंचीवर, आणि पायाशी खडूनं खूण करा किंवा दुकानाच्या पाटीचं अक्षर चौकटीच्या कुठल्या टोकाला येतं ते टिपून ठेवा. अमावस्येला त्याच मिनिटाला तीच चौकट. दोन-चार दिवसांत सावलीचा कोन बदलत नाही, त्यामुळं दोन्ही फोटोंत फरक फक्त माणसांचा उरतो. या एका फोटोसाठी शेतातून परत यावं लागेल, पूजा हुकेल. त्यामुळं शहरातला एखादा मित्र असेल तर चौकट समजावून हे काम त्याच्यावर सोपवा.

माळेगावात अडचण उजेडाची नसते, धुळीची आणि भंडाऱ्याची असते. घोडे, गाढवं, उंट, बैल यांचा बाजार आणि त्यात येळकोटाचा गजर करत उधळलेली हळद. भंडारा बारीक आणि किंचित तेलकट असतो. लेन्सच्या पुढंमागं सरकणाऱ्या नळीत गेला की झूम करताना करकर आवाज येतो आणि पुढं ती अडकते. यात्रेत लेन्स बदलू नका, हा नियम समजा. समोर साधं यूव्ही फिल्टर लावा. कॅमेऱ्यावर जाड पारदर्शक पिशवी, लेन्सच्या तोंडाशी रबर, मागं बघायला भोक, एवढं पुरतं. संध्याकाळी आधी हवेचा फुगा, मग कोरडा ब्रश, आणि सगळं झाल्यावरच कापड. ओलं कापड आधी लावलं तर हळदीचा लेप होतो आणि फटीतला पिवळा डाग पुन्हा निघत नाही. फुगा नसेल तर तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते.

जनावरांच्या रंगावर एक्स्पोजर ठरतं, आणि या भागात ते ओळखायला जाती माहीत हव्यात. लाल कंधारी गडद लाल असते. संध्याकाळच्या उन्हात तिचा लाल रंग नुसता भडक चिखल होतो, केस दिसत नाहीत, कारण कॅमेऱ्याचा लाल चॅनल आधी भरतो. साधा हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, ठीक दिसतो आणि फसवतो. रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा किंवा डोळे झाकून दोन तृतीयांश स्टॉप कमी करा. देवणीत तीन प्रकार दिसतात: बालंक्या पूर्ण पांढरा, वानेरा पांढरा पण तोंडाच्या बाजू काळ्या, शेवरा काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा. बालंक्याची पाठ उन्हात जळते, तिच्यावर एक्स्पोजर धरा. वानेऱ्याचा डोळा काळ्या भागात हरवतो, तिथं फोकस हातानं डोळ्यावर न्या. कुठल्याही जनावराच्या मागं उभं राहू नका, फ्लॅश मारू नका, ड्रोन जवळ आणू नका. बाजारात आणलेला बैल त्याच्या मालकाचं वर्षाचं भांडवल असतं. तुमच्यामुळं बुजला आणि दावं तोडून पळाला तर तो पकडायला सगळी यात्रा धावेल, आणि मग तुमच्याशीही बोलेल.

तिथं वासुदेव, पोतराज, गोंधळी, मुरळी भेटतात. त्यांचा फोटो काढला तर दक्षिणा द्यायची, घासाघीस न करता. ते त्यांचं पोट आहे. शेतकऱ्याला मात्र फोटोबद्दल पैसे देऊ केले तर तो दुखावतो. हा फरक बाहेरून आलेल्यांना कळत नाही आणि दोन्हीकडं उलटं होतं.

आता शिवार. येळवशीला रब्बी भरात असते: ज्वारी पुरुषभर उंच, कुठं हुरड्याला आलेली, शेजारी हरभरा, करडई, शिवाय खरिपातली उभी तूर. करडईत उघड्या पोटऱ्यांनी शिरू नका, काटे पँटमधूनही टोचतात. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चाला. पीक तुडवून कोन साधणाऱ्या फोटोवाल्याला घरधनी त्या दिवशी काही बोलणार नाही, सण असतो, पण पुढच्या वर्षी बोलावणार नाही.

दिवसाचा क्रम माहीत असला की जागा आधी धरता येते. आदल्या रात्री घरात भज्जी शिजते, तूर-वाटाणा-हरभरा, पालेभाज्या, बेसन असं सगळं घालून. सोबत ज्वारीच्या पिठाचं ताकातलं आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, धपाटे. चुलीजवळचे फोटो काढायचे असतील तर ती रात्र महत्त्वाची, पण घरातल्या बाईनं हो म्हटलं तरच. सकाळी नऊ-दहापासून पाट्या, दुरड्या, आंबिलाचं मडकं घेऊन घरं शेताकडं निघतात. बैलगाडी क्वचित, ट्रॅक्टर आणि मोटरसायकल जास्त. मोटरसायकलवर मडकं सांभाळत बसलेली आजी हा आजचा खरा फोटो आहे. बैलगाडीच हवी म्हणून तासभर वाट बघणं म्हणजे आजचा सण सोडून कॅलेंडरमधला शोधणं.

शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केलेली असते, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, आणि लक्ष्मीची पूजा. कोपीत आत अंधार आणि तोंडाशी भगभगीत ऊन, अंतर पाच-सहा स्टॉपचं. बहुतेक जण बाहेर उभं राहून आत काढतात, त्यात पूजा करणाऱ्याची पाठ आणि काळा खड्डा येतो. परवानगी घेऊन, चपला बाहेर काढून, मांडणी न ओलांडता आत कडेला बसा, असं की कोपीचं तोंड तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल. मग तोच उजेड बाजूनं चेहऱ्यावर पडतो. इथं ५० ची लेन्स निरुपयोगी, मागं सरकायला जागा नसते. १८ वर एफ ३.५, शटर १/१००, आयएसओ ८०० ते १६००. कडब्याच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या रेघा चेहऱ्यावर पडल्या तर दोन इंच सरका किंवा माणूस वाकेपर्यंत थांबा. फ्लॅश मारला की कोप कडब्याची न दिसता पत्र्याची दिसते. दिवा लावलेला असेल तर व्हाइट बॅलन्स ‘ऊन’ वर ठेवा, ऑटोनं तो पांढरा करून टाकला की गेला.

पूजेनंतर ‘ओलगे, ओलगे’ म्हणत पिकात आंबील शिंपडतात. हा दिवसाचा सगळ्यात चपळ क्षण, दोन-तीन फेऱ्यांत संपतो. शिंपडणारा कुठल्या बाजूनं फिरणार हे आधी विचारून घ्या आणि ऊन त्याच्या पाठीमागं, गडद पीक थेंबांच्या मागं येईल अशी जागा धरा. पांढरे थेंब पांढऱ्या आकाशावर दिसत नाहीत, म्हणून थोडं उंचावरून, धुऱ्यावर उभं राहून काढा. थेंब गोठवायचे तर आयएसओ २००, एफ ५.६, १/१६००. रेघ हवी असेल तर आयएसओ १००, एफ २२, १/६०. दोन्ही एका फेरीत करायला जाऊ नका. पहिली फेरी गोठवून घ्या, जमली तर दुसरीत रेघ. हाताच्या झटक्याच्या आधी बटण दाबायला सुरुवात करा, झटका दिसल्यावर दाबलं तर उशीर झालेला असतो.

काळी माती कॅमेऱ्याला फसवते. चौकटीचा मोठा भाग काळा असला की कॅमेरा सगळं उजळ करतो आणि माती राखाडी येते, वर धोतर आणि टोपी जळते. तिथं दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा. हरभऱ्याच्या हिरव्यात फारसा फरक लागत नाही. एकाच शेतात दहा पावलांवर हा बदल होतो, तेव्हा पांढऱ्या टोपीवर एक्स्पोजर बांधून मॅन्युअलवर राहणं सोपं.

जेवायला बसवतील. बसा, आणि कॅमेरा बाजूला ठेवून पोटभर जेवा. नको म्हणणं हा अपमान धरला जातो, आणि उभ्यानं फोटो काढत ‘नंतर जेवतो’ म्हणणं त्याहून वाईट. रिकाम्या हातानं जाऊ नका: नारळ, उदबत्ती, पोरांना केळी किंवा बोरं. जेवताना माणसांचे फोटो काढू नका, तोंडात घास असलेला फोटो कोणालाच आवडत नाही. पंगत लांबून दिसेल तेवढी घ्या.

संध्याकाळी हेंडगा, म्हणजे कडब्याची मशाल, पेटवून शिवारातून फिरवतात. यात एक गणित आहे. अमावस्या असल्यानं चंद्र नाही, म्हणजे अंधार पडला की आकाश पूर्ण काळं. हेंडग्यामागं निळं आकाश हवं असेल तर सूर्यास्तानंतरची २० ते २५ मिनिटं एवढाच वेळ हातात असतो, आणि लोक हेंडगा तुमच्या घड्याळावर पेटवत नाहीत. साडेपाचलाच विचारून जागा धरा. आता ५० एफ १.८ बाहेर काढा: एफ १.८, शटर १/१२५, आयएसओ १६००, जाळाच्या उजेडातला चेहरा येतो. नुसत्या ज्वाळांचे आकार हवे असतील तर शटर १/१००० वर न्या, चेहरा मग काळा जाईल. व्हाइट बॅलन्स ५२०० केल्विनवर बांधा. वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा, आणि नायलॉनचं जाकीट घालू नका, ठिणगीनं भोक पडतं आणि कातडीला चिकटतं. काही घरी त्याच वेळी दूध उतू घालतात आणि ते कुठल्या दिशेला उतू जातं यावरून पुढच्या पिकाचा अंदाज बांधतात. दोन्ही एका माणसाला सापडत नाही, एक निवडा. दूध निवडलं तर चुलीच्या पातळीवर बसा, पातेल्याची कड आणि माणसांचे चेहरे एका रेषेत येतील असे.

रस्त्यात ऊसतोडीच्या टोळ्या दिसतील. साखर कारखान्यांचा हंगाम चालू असतो आणि बीडकडचे कितीतरी लोक या सणाला घरी नसतात, फडाजवळ पालात असतात. पाल म्हणजे घर. रस्त्यावरून लांब लेन्स रोखून आतलं काढू नका. थांबा, बोला, मुकादमाला न विचारता त्या कुटुंबाला विचारा. त्यांचा पत्ता दोन असतो, आत्ताचा आणि गावाकडचा. प्रिंटसाठी गावाकडचाच लिहून घ्या, तोवर ते हललेले असतील.

विचारण्याबद्दल. फार वाक्यरचना लागत नाही. ‘मामा, एक फोटू काढू का?’, ‘मावशी, काढू का?’ एवढं आणि हातातला कॅमेरा खाली धरलेला. वयस्कर माणसाला काका, आप्पा, आजी. संभाजीनगरच्या शहागंजात, सिटी चौकात चाचा म्हणून सलाम केला की काम होतं. ‘कशाला काढलाव?’ असं उलट विचारतील. खरं सांगा: अमक्या गावचा, अमक्याचा मुलगा, छंद आहे, एक प्रिंट तुम्हाला देणार. गावाचं नाव सांगितलं की निम्मी ओळख निघते. नको म्हणाले तर ‘बरं’ म्हणून तिथंच दोन मिनिटं थांबा, लगेच पळू नका. मागच्या चारजणांना त्यावरून कळतं की माणूस बरा आहे. लपूनछपून काढलेल्याची चर्चा तुमच्या आधी पुढच्या वस्तीवर पोचते. पोरांचे फोटो आईबापांना विचारून. आणि ‘काढू का’ व ‘इंटरनेटवर टाकू का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला हो म्हणणाऱ्या बाया दुसऱ्याला बरेचदा नाही म्हणतात, आणि ते नाही तिथंच संपतं.

प्रत्येक माणसाचे दोन फोटो काढा, एक त्याचा आणि एक तुमचा. कॅमेरा दिसला की माणूस टोपी सारखी करतो, हात खाली सोडतो, ताठ उभा राहतो. शहरातले फोटोवाले इथं हिरमुसतात आणि ‘नैसर्गिक राहा’ म्हणतात. तसं करू नका. तो ताठ फोटोच त्याला हवा असतो: डोक्यापासून पायापर्यंत, शक्य तर बैलासोबत किंवा पिकात उभा. तो नीट, प्रेमानं काढा, पाय कापू नका. मग कॅमेरा खाली करा, गप्पा मारा, आणि तो सैल झाला की तुमचा फोटो काढा. प्रिंट पहिल्याची द्या. म्हाताऱ्या माणसाचा असेल तर एक जास्तीचा काढा: छातीपासून वर, मागं साधी भिंत किंवा आकाश, डोक्यावर भरपूर जागा. घरात आजीचा धड एकही मोठा फोटो नसतो आणि पुढं आधारकार्डावरचा मोठा करून भिंतीवर लावायची वेळ येते. हा फोटो घरच्यांनी मागितला नाही तरी द्या.

नावं विसरतात, म्हणून वही. प्रत्येक फोटोनंतर पानावर नाव, गाव, वस्ती, तालुका आणि मोबाइल लिहा व त्या पानाचाच एक फोटो काढा. तो त्या माणसाच्या फोटोच्या लगेच पुढच्या क्रमांकावर राहतो, महिन्यानंतरही घोळ होत नाही. एकाच गावात एकाच नावाचे तिघे असतात, तेव्हा बापाचं नाव घ्या, आणि गावात माणूस ज्या टोपणनावानं ओळखला जातो तेही.

प्रिंटसाठी ४ बाय ६ ला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, ८ बाय १२ ला २४०० बाय ३६००. कॅमेऱ्याचा फोटो तीनास दोन असतो, तो या मापांत बरोबर बसतो. फोनचा चारास तीन असतो, त्यामुळं ४ बाय ६ करताना आडवा फोटो वरखाली कापला जातो आणि नेमकी टोपी किंवा पाय जातात, उभा फोटो दोन्ही बाजूंनी कापला जातो. फोनवर आडवा काढताना डोक्यावर आणि पायाखाली, उभा काढताना दोन्ही बाजूंना जागा सोडा. लॅबवाल्याला ‘ऑटो करेक्शन बंद’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर मशीन सावळा चेहरा गोरा करून देतं आणि लोकांना तो आपला वाटत नाही. कागद मॅट घ्या, ग्लॉसीवर बोटांचे ठसे उमटतात आणि पावसाळ्यात पत्र्याच्या घरात दोन प्रिंट एकमेकींना चिकटतात. मोठी प्रिंट लॅमिनेट करा. चार-चारच्या गठ्ठ्यात मध्ये बटर पेपर घाला. सोबत फाइलही पाठवायची असेल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधी पाठवली की आकार घटतो आणि मग गावातल्या स्टुडिओत मोठी करता येत नाही.

लगेच प्रिंट देणारी छोटी यंत्रं मिळतात. ती वापरायची तर निघताना वापरा. सुरुवातीलाच एक प्रिंट निघाली की वीस पोरं भोवती जमतात, कागद संपतो, आणि उरलेला दिवस तुम्ही यंत्र सांभाळता.

पोचवायला स्वतः जाणं उत्तम. जमत नसेल तर पाकिटात पुठ्ठा घालून स्पीड पोस्टानं, पत्त्यात वस्तीसोबत जवळच्या किराणा दुकानाचं किंवा शाळेचं नाव आणि पिनकोड. एका गावाचे पाच-सहाजण असतील तर एकच पाकीट करून ज्यांच्या कोपीत जेवलात त्यांच्या नावानं पाठवा आणि फोन करा. प्रत्येक प्रिंटच्या मागं पेन्सिलीनं नाव लिहा. बॉलपेनाचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो आणि शाईही पुढच्या प्रिंटला लागते.